शिकाऊ डॉक्टरांची साक्ष

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी संयोजकांनी मला 'ग्रामीण आरोग्याचे अर्थकारण' हा विषय दिला आहे. एवढा विस्तृत विषय तासाभरात मांडणे शक्य नाही. म्हणून त्यातील एकच बाजू मी निवडली आहे, आणि तीही आपण सहसा पाहत नाही अशी. वैद्यकीय पदवी नुकतीच हाती पडलेल्या तरुण-तरुणींना आपल्या शिक्षणाविषयी काय वाटते, आणि त्यांच्या या वाटण्याचा आपल्या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याशी, ऊसतोड मजुराशी, रांजणगाव-कुरकुंभच्या कामगाराशी काय संबंध पोहोचतो, हा तो प्रश्न आहे.

डॉक्टरांविषयी बोलताना आपल्या चळवळीत एक ठरलेली भाषा आहे. डॉक्टर खेड्यात यायला तयार नाहीत, ते पैशाच्या मागे लागले आहेत, जनतेच्या पैशावर शिकून जनतेला विसरले आहेत, असे आपण म्हणतो. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु समाजवादी विचाराच्या माणसाने एखाद्या वर्गाच्या वर्तनाचा उलगडा त्या वर्गाच्या दुष्टपणातून करावा, हे मला पटत नाही. गिरणी कामगार गैरहजर का राहतो हे समजून घेताना आपण त्याच्या चाळीची आणि पगाराची चौकशी करतो. तीच पद्धत येथे लावून पाहावी, असा माझा आजचा प्रयत्न आहे.

ते काय म्हणतात?

निवृत्तीनंतर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुले-मुली भेटायला येतात. त्यांपैकी काहीजण डॉक्टर झाले आहेत. कोणी सरकारी महाविद्यालयातून, कोणी खासगी महाविद्यालयातून बाहेर पडले. त्या महाविद्यालयांची नावे मी येथे घेत नाही, कारण प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. सात-आठ जणांच्या बोलण्यावरून सिद्धांत मांडण्याचा दावाही मी करीत नाही. तथापि या मुलांनी एकमेकांना न भेटता जी गाऱ्हाणी सांगितली त्यांत विलक्षण साम्य होते.

पहिले गाऱ्हाणे हाताचे. डोक्यात माहिती पुष्कळ भरली, हाताला काम शिकविले गेले नाही, असे ते सांगतात. भारतात बनणारी सर्पविषाची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते, हे प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेले असते. परंतु रात्री दोन वाजता ऊसतोडीच्या फडावरून कोपीत जमिनीवर झोपलेल्या बाईला आणले, दंशाच्या जागी सूज नाही, वेदना नाही, फक्त पोटात कळ आणि पापण्या जडावलेल्या. हा मण्यारीचा दंश असू शकतो हे ओळखायचे, प्रतिलस सुरू करायची, तिची उलटी प्रतिक्रिया आली तर सावरायचे आणि श्वास मंदावू लागला तर नळी घालून तो चालू ठेवायचा, हे सारे स्वतःच्या हाताने एकदाही केलेले नसते. शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात हा अपवादात्मक प्रसंग नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचाराचे काम वर्षानुवर्षे केले आहे. म्हणजे ही विद्या आपल्या जिल्ह्यात आहे. ती पदवीबरोबर मात्र प्रत्येकाला मिळत नाही.

सरकारी आणि खासगी महाविद्यालयांत या गाऱ्हाण्याची रूपे निराळी आहेत. सरकारी रुग्णालयात रुग्णांची रीघ असते, पण शिकवायला कोणाला सवड नसते. शिकाऊ डॉक्टर रक्ताचे नमुने काढणे, अहवाल आणणे, प्रसंगी रुग्णाची गाडी ढकलणे यांत वर्ष घालवितो. काही खासगी महाविद्यालयांत अध्यापक निदान हजेरीपटावर असतात, पण खाटा रिकाम्या असतात. तपासणीचे पथक येणार असले की त्या भरतात. २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल देशभरातील अनेकांवर गुन्हा नोंदविला. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. परंतु या मुलांना ती बातमी वाचून आश्चर्य वाटले नाही.

दुसरे गाऱ्हाणे भाषेचे आणि परिसराचे. पुस्तके इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, आणि समोरची बाई म्हणते, 'अंगावरून जातंय', 'डोळ्यापुढं अंधारी येतीय', 'छातीत चमक निघतीय'. शहरात वाढलेल्या मुलाला हे शब्द कोणी शिकविलेले नसतात. खेड्यातून आलेल्या मुलाला ते येतात. परंतु पाच वर्षांत ते विसरणे म्हणजेच डॉक्टर होणे अशी त्याची समजूत झालेली असते. कामगाराच्या बाबतीत तर याहून मोठी उणीव राहते. रोग्याला 'तू काय काम करतोस?' हे विचारले पाहिजे, असे इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली लिहून ठेवले. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातील माणूस खोकत आला असता हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या पदवीधराला लागलेली नसते. धंद्यापासून होणाऱ्या रोगांवर एक टीप लिहायची असते, ती तो लिहितो आणि पुढे जातो.

तिसरे गाऱ्हाणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर एक वर्ष आंतरवासितेचे असते. पदवीच्या ज्ञानाला काम जोडावे यासाठी ते ठेवले आहे. २०२१ च्या नियमांनुसार त्यातील बारा आठवडे समाजवैद्यकासाठी, म्हणजे मुख्यतः खेड्यातील आणि वस्तीतील कामासाठी आहेत. प्रत्यक्षात हेच वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जाते. त्या परीक्षेत पर्यायांवर खूण करावयाचे दोनशे प्रश्न असतात. बाळंतपण करण्यात घालविलेली रात्र त्या परीक्षेत एकही गुण देत नाही. उलट दुसऱ्या दिवशीचा अभ्यास बुडविते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातील नेमणूक म्हणजे अभ्यासाला मोकळा वेळ मिळण्याची जागा, असा तिचा लौकिक झाला आहे. हे सांगताना त्या मुलांना संकोच वाटत होता. पण त्यांनी सांगितले.

पाऊणशे वर्षांची पुनरुक्ती

ही गाऱ्हाणी नवी आहेत असे कोणी समजू नये. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, आणि त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, असे तिने सुचविले. त्याच १९४६ साली पुण्यातील बी. जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालय झाले. १८७८ पासून या शाळेतून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले डॉक्टर बाहेर पडत होते. तो अभ्यासक्रम संपला. उच्च दर्जाच्या एकाच डॉक्टराची कल्पना समतेची होती, यात शंका नाही. परंतु तो डॉक्टर कुठे काम करणार, कोण त्याला नेमणार, याची तरतूद त्या प्रमाणात झाली नाही.

१९७५ साली श्रीवास्तव समितीने हाच मुद्दा पुन्हा मांडला. आपले वैद्यकीय शिक्षण पाश्चात्य नमुन्यावर बेतलेले असून देशाच्या गरजांपासून तुटलेले आहे, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातून १९७७ मध्ये एक योजना निघाली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगट दत्तक घ्यावेत, फिरते दवाखाने घेऊन विद्यार्थ्यांनी खेड्यात शिकावे, अशी ती होती. फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या आल्या. शिक्षणाची दिशा फिरली नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कल या तरुण डॉक्टरांच्या गटाने हीच चिकित्सा आतून केली. महाराष्ट्रातील अनेक डॉक्टर त्यात होते. आपल्याला मिळालेले शिक्षण आपल्या समाजाला कसे लागू पडत नाही, याचा ऊहापोह त्यांनी आपल्या पत्रिकेतून वर्षानुवर्षे केला.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तेथे विंचूदंशाने माणसे मरत होती आणि पाठ्यपुस्तकांत त्यावर धड उपचार नव्हता. त्यांनी रुग्णांशेजारी बसून निरीक्षणे टिपली. १९८२ पासून ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाने पुढे असंख्य जीव वाचविले. आपण याकडे एका थोर माणसाची कथा म्हणून पाहतो. मी तिच्यात शिक्षणव्यवस्थेचे अपयशही पाहतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होणारा विंचूदंश पुस्तकात येण्यासाठी एका असामान्य पदवीधराची वाट पाहावी लागली. सामान्य पदवीधराने काय करावे?

२०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला आहे. त्यात कौशल्यांची नोंदवही आहे, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी परिचय आहे, पुढे खेड्यातील काही कुटुंबे विद्यार्थ्याने दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. कागदावर हे सर्व स्तुत्य आहे. परंतु नोंदवहीत सह्या कशा होतात, हे त्या मुलांना विचारावे.

गुणवत्ता कोण ठरविते?

मग हेच निदान पुनःपुन्हा होऊनही रोग हटत का नाही? येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला काही सांगावयाचे आहे. कोणत्याही शिक्षणाची गुणवत्ता अभ्यासक्रमाचे पुस्तक ठरवीत नाही. शिकणाऱ्याला त्याच्या शिक्षणाचा मोबदला कोठे मिळणार आहे, यावरून ती ठरते. कारण विद्यार्थी, अध्यापक आणि संस्थाचालक तिघेही आपले कष्ट त्या दिशेला वळवितात.

महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदान धोरणाखाली खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडली. साखरपट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. १९८७ मध्ये देणगी शुल्काला बंदी करणारा कायदा करावा लागला, यावरूनच तेव्हाचा व्यवहार कळतो. आज अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्याही वर जाते. एवढी रक्कम गुंतविणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबात पदवी ही भांडवली गुंतवणूक होते, आणि केवळ एम.बी.बी.एस. पदवीवर ती वसूल होत नाही. म्हणून विशेषज्ञ होणे अपरिहार्य ठरते. सरकारी महाविद्यालयातील गरीब घरचा मुलगा या हिशेबातून सुटतो असे नाही. बाजारात त्यालाही याच स्पर्धेत उभे राहावयाचे असते. बाळंतपणाची रात्र आणि दोनशे प्रश्न यांत तो दोनशे प्रश्न निवडतो, ते त्याच्या स्वभावाचे वैगुण्य नव्हे.

सरकार या बाजाराला पर्याय उभा करू शकले असते. हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांच्या पुढे होती. म्हणजे दोन्ही मिळून साडेसात लाखांहून अधिक. तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लाख वीस हजारांमागे एक तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, हा सरकारचाच निकष आहे. त्यानुसार पंचवीस केंद्रे, सहा ग्रामीण रुग्णालये आणि प्रत्येक रुग्णालयात शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे किमान चार, म्हणजे चोवीस विशेषज्ञ लागतात. रांजणगाव, सणसवाडी, शिकरापूरच्या कारखान्यांत २०११ नंतर आलेले परप्रांतीय कामगार आणि दर हिवाळ्यात येणाऱ्या टोळ्या यांत धरलेल्या नाहीत. ही पदे मंजूर असती, भरलेली असती आणि कायम असती, तर तरुण डॉक्टराला समोर एक आयुष्यक्रम दिसला असता. त्याऐवजी त्याच्यापुढे अकरा महिन्यांचा करार किंवा वर्षभराच्या सक्तीच्या सेवेचे बंधपत्र ठेवले जाते. सेवा नको असेल तर लाखो रुपये दंड भरून सुटका. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला कर्तव्य विकत टाळता यावे, ही बंधपत्राची रचनाच विषमतेची आहे.

आपल्याच तालुक्यांतील दोन धडे

याहून वेगळे घडू शकते, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. दौंड तालुक्यात कासुर्डी येथे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. त्या महाविद्यालयाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. तेथील पदवीधर सेनादलांच्या वैद्यकीय सेवेत जातो. त्याला शिकविणारी आणि कामावर घेणारी संस्था एकच आहे. त्याने काय काम करावयाचे, कोठे, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरलेले असते. सैन्याची शिस्त आपल्या आरोग्यसेवेत आणावी असे मी सुचवीत नाही. परंतु सैनिकासाठी राज्यसंस्था जी साखळी जोडते ती ऊसतोड मजुरासाठी का जोडू शकत नाही, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरा धडा शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकचा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रियांचे शालेय शिक्षण बेताचे होते, पण त्यांना जे शिकविले तेच काम त्यांना करावयाचे होते, आणि अडल्यास मागे उभे राहणारे रुग्णालय होते. शिक्षण, काम आणि देखरेख ही तीन अंगे जुळली की बेताच्या शिक्षणातूनही गुणवत्ता येते. ती तुटली की साडेपाच वर्षे शिकलेला पदवीधरही एकटा पडतो.

वर्ध्याजवळ सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी स्थापन केले. तेथे पहिल्या वर्षीच विद्यार्थी खेड्यात मुक्कामाला जातात. ही परंपरा अर्धशतक टिकली आहे, याचा अर्थ इच्छा असेल तर इतरत्रही ते शक्य आहे.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, समाजातल्या सुस्थित थराच्या या तक्रारींसाठी आपण का वेळ घालवावा? खेड्यातील बहुतेक रुग्ण तर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरकडे जातात. आक्षेप रास्त आहे. परंतु तो माझ्याच म्हणण्याला बळकटी देतो. त्या पदवीधरांची स्थिती अधिक बिकट आहे. त्यांनी एक शास्त्र शिकलेले असते आणि पोटासाठी दुसरे वापरावयाचे असते. ते दुसरे शास्त्र कोठल्यातरी खासगी रुग्णालयात अल्प पगारावर रात्रपाळ्या करीत, पाहून पाहून, शिकावे लागते. २०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरस्कारिला. शिक्षण आणि काम यांतील फारकत मान्य करण्याचाच तो प्रकार होता. या फारकतीची किंमत अखेर कोण मोजतो? ज्याला शिरूरहून पुण्याला गाडी करून जाण्याचे भाडे परवडत नाही, तो मोजतो. शिकाऊ डॉक्टराचे गाऱ्हाणे म्हणून आपले आहे.

आपले काम

शेवटी कार्यकर्त्यांनी काय करावे, याविषयी तीन सूचना करतो.

पहिली, ग्रामीण रुग्णालय हे शिक्षणाचे ठिकाण म्हणून मागावे. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, ते दौंडपासून दूर नाही. दोन्ही तालुक्यांच्या रुग्णालयांत आंतरवासितांची नियमित नेमणूक व्हावी, आणि त्यांना शिकविण्याची जबाबदारी असलेली विशेषज्ञांची कायम पदे भरावीत. नुसते 'डॉक्टर द्या' या मागणीपेक्षा ही मागणी पुढे जाणारी आहे. आपली माणसे शिकाऊ हातांखाली ढकलावी, असा तिचा अर्थ नाही. अनुभवी डॉक्टर शेजारी उभा असला पाहिजे आणि रुग्णाची संमती घेतली पाहिजे, हे मागणीतच लिहावे.

दुसरी, पदव्युत्तर प्रवेशात ग्रामीण रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाला भरीव वजन मिळावे आणि कुटुंबवैद्यक हा मानाचा, पगाराचा विषय व्हावा, ही मागणी पक्षाने राज्यपातळीवर घ्यावी. वजन सह्यांच्या नोंदवहीला नको. केलेल्या आणि तपासलेल्या कामाला हवे.

तिसरी सूचना आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे. आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत पुणे जिल्हा होता. त्यातून जनसुनवाईची प्रथा आली. या सुनावणीत वैद्यकीय अधिकारी बहुधा आरोपीच्या जागी उभा असतो, आणि कधी कधी आपलेच कार्यकर्ते त्याच्या अंगावर धावून जातात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली राज्याला कायदा करावा लागला, हे आपल्याला भूषणावह नाही. यापुढे तालुक्यात आलेल्या आंतरवासितांना आणि बंधपत्रावरील तरुण डॉक्टरांना जनसुनवाईत साक्षीदार म्हणून बोलवावे. कोणते काम त्यांना शिकविले गेले नाही, कोणते औषध व कोणते साधन नव्हते, रात्री कोणाला विचारायचे ठाऊक नव्हते, हे त्यांनी सांगावे. भीती वाटत असेल तर नाव न घेता ते वाचून दाखवावे. रुग्णाची तक्रार आणि डॉक्टराची तक्रार एकाच कागदावर लिहिली गेली की ती कोणाविरुद्ध आहे, हे दोघांनाही उमजेल.

पुढल्या महिन्यात दोन्ही तालुक्यांच्या समित्यांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जावे आणि मंजूर पदे किती, भरलेली किती, कायम किती, यांची यादी करावी. तेथे काम करणाऱ्या सर्वांत तरुण डॉक्टरापाशी अर्धा तास बसावे. त्याला जाब विचारू नये. त्याचे ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले लिहून आणावे.